दारावरचे परीक्षक

१९४१ साली वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत तिथल्या चित्रकारांच्या संस्थेचे वार्षिक प्रदर्शन भरले होते. सेलिन ताबारी नावाच्या एका फ्रेंच चित्रकर्तीने त्यासाठी एक निसर्गचित्र दाखल केले. परीक्षकांनी ते निवडले, ते भिंतीवर लागले आणि त्याला निसर्गचित्राचे रॉबर्ट वुड्स ब्लिस पारितोषिकही जाहीर झाले. चित्र मात्र ताबारीचे नव्हते. ते तिच्या मैत्रिणीचे, लोइस मेलू जोन्स यांचे होते. जोन्स हॉवर्ड विद्यापीठात चित्रकला शिकवत होत्या, पॅरिसला राहून काम करून आल्या होत्या. पण त्या कृष्णवर्णीय होत्या आणि या प्रदर्शनात कृष्णवर्णीयांचे काम घेत नसत. म्हणून चित्र मैत्रिणीच्या हाती पाठवले. बक्षीस घ्यायला स्वतः गेल्या असत्या तर ते परत घेतले गेले असते, म्हणून बक्षीसही टपालाने घरी आले. चित्राचे नाव ‘इंडियन शॉप्स, गे हेड’. त्यातले ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी. कॉर्कोरनने जोन्स यांची जाहीर माफी मागितली ती १९९४ साली. तोवर बाई नव्वदीला टेकल्या होत्या.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यातला अन्याय जाणवला, पण त्याहून जास्त एक बारकावा टोचला. ज्या परीक्षकांनी हे चित्र उचलून धरले त्यांची नजर ठीक होती. चांगले चित्र त्यांना ओळखता येत होते. मग बंदी कोण घालत होते? परीक्षक खुर्चीत बसण्याच्या आधीच दारावर एक निवड उरकलेली होती, आणि ती करणाऱ्याला चित्रकलेतले काही कळण्याची गरज नव्हती.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो. नोकरी पेण तालुक्यात झाली आणि आता मुक्काम हमरापुरात आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे कागद तपासायला मी बसलेलो आहे, त्यामुळे परीक्षकांविषयी माझ्या मनात सरसकट राग नाही. समोर ढीग असतो, वेळ थोडा असतो, आणि पहिल्या नजरेला जे दिसते त्यावर बरेच ठरते. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत चित्रे परीक्षकांसमोरून एकेक करून सरकवतात आणि त्यांवर पसंत, शंकास्पद, नापसंत असा शेरा पडतो. ही पद्धत दीडशे-दोनशे वर्षे चालली आहे आणि आपल्याकडे आली ती तिथूनच. तिच्यात चुका होतात, पण त्या चुकांची चर्चा तरी होते. दारावरच्या निवडीची होत नाही. हमरापुरासारख्या गावात राहिल्यावर ही दुसरी निवड जास्त दिसू लागते. ते का, त्याकडे येईनच. आधी मुंबईकडे जाऊ.

बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली. सुरुवातीची सूत्रे साहेबांकडे होती. सरकारी अधिकारी, लष्करी माणसे, त्यांच्या हौशी बायका हे सगळे जलरंगातले निसर्गदृश्य घेऊन वर्षातून एकदा एकत्र येत. त्या काळी हिंदुस्थानात भरणाऱ्या अशा प्रदर्शनांत ‘नेटिव्ह’ कलावंतांसाठी बक्षिसे वेगळी ठेवण्याची रीत होती. या वेगळ्या बक्षिसाचे करायचे काय, हा प्रश्न आपल्याला पुढे अमेरिकेतही भेटणार आहे. ते नसते तर अनेकांना दारात पाऊल ठेवता आले नसते. आणि ते होते म्हणून ‘त्यांच्यातला चांगला’ एवढेच प्रमाणपत्र मिळत होते.

तरी दार उघडत गेले, आणि ते जे. जे. स्कूलच्या बाजूने उघडले. धुरंधरांना १८९५ साली सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. दुसऱ्याच वर्षी गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ घडवली: नऊवारीतली एक तरुण स्त्री, हातात पूजेचे साहित्य, पाऊल पुढे पडण्याच्या बेतात. काम प्लास्टरमधले. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण हमरापुरात या पदार्थाची कीर्ती अगदी निराळी आहे. या पुतळ्याचे छायाचित्र पाहून जॉर्ज बर्डवुड यांनी इंग्लंडात त्याची वाखाणणी केली. ज्या बर्डवुडांचा हिंदुस्थानात ललित कला आहे यावरच फारसा विश्वास नव्हता, त्यांनी ती करावी याचे अनेकांना नवल वाटले. रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत या शिल्पावर लेख लिहिला. पण कौतुकाचा सूर नीट ऐकला तर त्यात ‘एतद्देशीय मुलगा आणि असे काम?’ असा अचंबा मिसळलेला आहे. म्हात्र्यांचे शिल्प पाहताना आधी म्हात्रे पाहिले जात होते.

आमच्या जिल्ह्यातला दाखला विनायक पांडुरंग करमरकरांचा. अलिबागजवळचे सासवणे हे त्यांचे गाव, जन्म १८९१. घरात गणपती करण्याची रीत होती, म्हणजे हमरापूरकरांना त्यांचे बालपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. या मुलाने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रोथफील्ड फिरतीवर आले असताना त्यांच्या नजरेला ते पडले, आणि त्यांनी मुलाला मुंबईला जे. जे.त पाठवण्याची व्यवस्था केली. पुढचा प्रवास ठाऊक आहे: कलकत्ता, लंडन, आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा. सासवण्याचे त्यांचे घर आता संग्रहालय आहे आणि ते पाहून आलेला माणूस तिथली म्हैस विसरत नाही.

या कथेत मला महत्त्वाचा वाटतो तो कलेक्टर. तो एकट्याचे परीक्षक मंडळ होता. त्याची बैलगाडी किंवा घोडा, जे काय असेल ते, त्या दिवशी दुसऱ्या वाटेने गेले असते तर करमरकर सासवण्याचे उत्तम गणपतीकार म्हणून पंचक्रोशीत नाव काढून गेले असते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मग हा निबंध लिहिताना मला त्यांचे नाव मिळाले नसते.

आता पुन्हा अमेरिका. ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकर्तीची गोष्ट हमरापूरच्या कोणत्याही कारखान्यात सांगावी, लगेच कळेल. जन्म १८९२, फ्लॉरिडातले ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज हे गाव. गावची माती विटा पाडायची, तांबडी. पोर त्या मातीची बदके करायची. बाप धर्मोपदेशक, मूर्ती घडवणे म्हणजे पाप, म्हणून तो तिला मारायचा. आमच्याकडे पोराने शाडूला हात लावला की आजोबा पाट पुढे सरकवतात. तिथे त्याच मातीपायी मार. तरी ती करतच राहिली. एका जत्रेत तिच्या मातीकामाला बक्षीस मिळाले, आणि त्या जोरावर ती न्यूयॉर्कला पोहोचली.

१९२३ साली फ्रान्समध्ये फाँतेनब्लो इथे अमेरिकन विद्यार्थिनींसाठी उन्हाळी कलाशाळा भरणार होती. निवड करणारी समिती नामवंत अमेरिकन कलावंतांची. सॅव्हेजचा अर्ज, ती कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर, नाकारला गेला. कारण काय, तर दक्षिणेतल्या गोऱ्या मुलींना तिच्याबरोबर प्रवास करणे अवघड वाटेल. तिने गप्प न बसता हे वर्तमानपत्रांत नेले. समितीतले हर्मन मॅकनील या शिल्पकाराला शरम वाटली असावी. त्याने तिला आपल्याकडे शिकायला बोलावले. समितीचा निर्णय मात्र फिरला नाही.

त्याच दशकात हार्मन फाउंडेशन पुढे आले. विल्यम हार्मन या गोऱ्या धनिकाची ही संस्था कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वाला बक्षिसे देई आणि १९२८ पासून फक्त त्यांच्याच कलेची प्रदर्शने भरवी. १९२६ सालचे पहिले सुवर्णपदक आणि चारशे डॉलर पामर हेडन यांना मिळाले. हेडन पोटासाठी साफसफाईची कामे करत. वर्तमानपत्रांना ही मेजवानीच होती: झाडूवाल्याला चित्रकलेचे पदक! चित्रात काय होते हे मागे पडले. हेडन त्या पैशांवर पॅरिसला गेले, हे बरे झाले.

हार्मनच्या प्रदर्शनांनी अनेकांना पहिली भिंत दिली. हे मान्य करूनच रोमेर बिअर्डन या तरुण चित्रकाराने १९३४ साली ‘ऑपॉर्च्युनिटी’ या मासिकात त्यांच्यावर टीका केली. या संस्थेची वृत्ती उपकार करण्याची आहे, कलेचे माप सैल ठेवून वंशाचे माप लावले जाते आणि त्यामुळे कलावंताचे नुकसान होते, असा त्याचा मुद्दा होता. म्हणजे मुंबईतल्या ‘नेटिव्ह’ बक्षिसाचाच प्रश्न. मी यात पुरता बिअर्डनच्या बाजूला जात नाही. उपाशी माणसाला ताटाचा दर्जा विचारू नये. हेल वुड्रफ यांनी १९४२ पासून अटलांटा विद्यापीठात फक्त कृष्णवर्णीय कलावंतांचे परीक्षित प्रदर्शन सुरू केले आणि ते १९७० पर्यंत दर वर्षी चालले. दक्षिणेत दुसरी भिंतच नव्हती, तर काय करणार? त्या वार्षिकांतून विद्यापीठाकडे जो संग्रह जमला तो आज मोलाचा आहे. पण बिअर्डनने बोट ठेवलेली जागा दुखरी आहे, यात शंका नाही. वेगळ्या दारातून आत आलेल्याला मुख्य दिवाणखान्यात कोणी बसवत नाही.

अमूर्त चित्रे काढणाऱ्या नॉर्मन लुईसचे दुखणे आणखी निराळे होते. तो सॅव्हेजकडे शिकलेला. पुढे त्याला लोकांनी विचारले की यात तुमच्या समाजाचे जीवन कुठे आहे? गोऱ्या अमूर्त चित्रकारांना असे विचारले जात नव्हते. १९५५ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी प्रदर्शनात त्याच्या ‘मायग्रेटिंग बर्ड्‌स’ला बक्षीस मिळाले, पण ते परीक्षकांचे नव्हे, प्रेक्षकांच्या मतांचे. बघायला आलेल्या लोकांनी ते चित्र निवडले. बाजारात त्याच्या गोऱ्या सोबत्यांची नावे वर चढत गेली तेव्हा लुईस बराच काळ खालीच राहिला.

मुंबईत परीक्षकांशी झालेले सर्वांत गाजलेले भांडण १९४७ चे. कृष्णाजी हौळाजी आरा हे नाव आज लिलावांच्या याद्यांत दिसते. मूळचा हैदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच घरातून पळून मुंबईला आला. घरगडी म्हणून राहिला, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. त्याचे पहिले एकट्याचे प्रदर्शन १९४२ साली ‘चेतना’ उपाहारगृहात भरले आणि १९४४ साली त्याला गव्हर्नरचे पारितोषिकही मिळाले. म्हणजे दार बंद होते असे म्हणता येत नाही. पण स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे त्याने काढलेले मोठे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या परीक्षकांनी नाकारले. देश स्वतंत्र झालेला, चित्र स्वातंत्र्याचे, आणि नकार. आरा, सोझा आणि रझा एकत्र आले. पुढे हुसेन, बाकरे आणि गाडे मिळाले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सहा जणांत एक गोव्याच्या साळगावचा ख्रिस्ती, दोन मुसलमान, एक तेलुगू घरगडी, एक अमरावतीकडचा आणि एक बडोद्यात जन्मलेला मराठी शिल्पकार. त्यांचे मुंबईतले पहिले प्रदर्शन ७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवर मुल्कराज आनंद यांच्या हस्ते उघडले. दालन कोणाचे? बॉम्बे आर्ट सोसायटीचेच. ज्या घरातून चित्र परत आले त्याच घरात यांनी मांडव घातला. १९५२ साली त्याच सोसायटीने आराला सुवर्णपदक दिले. मुंबईत भांडणे अशीच मिटत असावीत.

पामर हेडन झाडूवाला, आरा गाड्या धुणारा. दोन्हीकडच्या लेखनात हे विशेषण नावाआधी येते. आराविषयी लिहिलेला एकही मजकूर मी गाडी धुण्याशिवाय वाचलेला नाही, आणि पाहा, मीही ते लिहिलेच. कौतुकाचे असले तरी ते दारावरच्या माणसाचे शब्द आहेत.

दोन्ही देशांतला फरक मात्र झाकू नये. अमेरिकेत कातडीच्या रंगावर कायदा आणि रूढी दोन्ही उभ्या होत्या. सॅव्हेजला शाळा, जोन्सला गॅलरी नाकारली गेली ती उघडपणे. आराला कोणी जन्मावरून नाकारल्याचे म्हणता येणार नाही. तो वाद प्रामुख्याने शैलीचा, जुन्या आणि नव्या नजरेचा होता. अमृता शेरगिलसारख्या सरदार घराण्यातल्या मुलीचीही निम्मी चित्रे सिमल्याच्या सोसायटीने १९३५ साली परत केली होती, आणि तिने उरलेल्यांपैकी एकाला मिळालेले बक्षीस त्यांच्या तोंडावर परत केले. बक्षीस परत करायलाही ऐपत लागते. दोन वर्षांनी मुंबईने तिला सुवर्णपदक दिले.

आता हमरापूर. पनवेल-रोहा मार्गावर पेणच्या अलीकडचे हे स्टेशन. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात वर्षाचे बारा महिने गणपती तयार होतात आणि लाखोंनी बाहेर पडतात. त्यातला मोठा भाग प्लास्टरचा, बराचसा कच्चा, म्हणजे रंग न दिलेला. तो मुंबई-पुण्याकडे आणि त्याही पलीकडे जातो आणि तिथे रंगतो. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचना आल्या, प्लास्टरवर बंदीचे वारे सुरू झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला मोकळीक मिळाली, विसर्जनावरचे निर्बंध राहिले. या सगळ्या काळात मी सभा ऐकल्या, बातम्या वाचल्या. रोजगार हा शब्द हजार वेळा आला, पर्यावरण हजार वेळा. कला हा शब्द भाषणाच्या सुरुवातीला नमस्कारापुरता.

बाहेरच्याला वाटते इथे फक्त साचे ओतले जातात. साचा येतो कुठून? कोणीतरी आधी मातीत एक मूर्ती घडवतो. सोंडेला किती वळण द्यायचे, बसताना पोटाचा भार मांडीवर कसा येतो, चार हातांपैकी मागचे दोन खांद्यातून निघतात असे वाटावे म्हणून काय करायचे, हे सगळे त्या एका मूर्तीत सुटलेले असते. शिवाय तिच्यावरून साचा सुटला पाहिजे, बोट तुटता कामा नये, वाहतुकीत कान टिकला पाहिजे. जे. जे.तला विद्यार्थी पाच वर्षांत जेवढी शरीररचना शिकतो तेवढी इथल्या दोघा-तिघांच्या बोटांत आहे असे माझे मत आहे, आणि ते मी त्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांनाही ऐकवले आहे. या माणसांच्या कामाचे परीक्षण होत नाही असेही नाही. फार कडक होते. व्यापारी येतो, रांगेतल्या नमुन्यांकडे पाहतो, दोन उचलतो, बाकीच्यांकडे पाठ फिरवतो. तिथे शंकास्पद हा शेरा नसतो.

राज्य कला प्रदर्शनात शिल्पकलेचा विभाग आहे. गणपती चालत नाही असे कुठल्या नियमात मी वाचलेले नाही. एका ओळखीच्या मूर्तिकाराला मी दोनदा म्हटले, तुमची मूळ मूर्ती पाठवू या, अर्ज मी भरतो. तो म्हणाला, “सर, ते शिल्पकारांचं. आपण मूर्तिकार.” अपमान वाटून नव्हे, पेण आणि रोहा ही वेगळी स्टेशने आहेत इतक्या सहज. कोणी त्याला नकार दिलेला नव्हता. म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी प्लास्टरची होती हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने उलट विचारले की फिनिशिंग कसे होते? मी जमेल तसे वर्णन केले. चर्चा तिथून काथ्याच्या भावाकडे गेली.

ऑगस्टा सॅव्हेजचे सर्वांत मोठे कामही प्लास्टरचेच. १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक जत्रेसाठी तिने सोळा फुटी शिल्प केले: गाणाऱ्या मुलामाणसांची रांग, तीच वीणेच्या तारांसारखी उभी, आणि खाली आधाराला एक भला मोठा हात. लोकांनी डोक्यावर घेतले. जत्रा संपली. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती, आणि ते फोडून टाकण्यात आले. जत्रेत आठवण म्हणून विकलेल्या त्याच्या छोट्या धातूच्या प्रती तेवढ्या राहिल्या; आज ते शिल्प कसे होते हे सांगायला त्या आणि छायाचित्रे आहेत. प्रती राहिल्या, मूळ गेले.

हमरापुरात मूळ मातीची मूर्ती साचा निघाला की बहुधा तुटतेच. माती पुन्हा भिजत घालतात, ती पुढच्या कामाला येते. प्रती अनंत चतुर्दशीपर्यंत पाण्यात जातात. उरतो तो साचा. गेल्या मे महिन्यात एका कारखान्याच्या पोटमाळ्यावर मी जुने साचे पाहत बसलो होतो. भिंतीला टेकवून चळत लावलेली. प्रत्येकावर मार्करने उंची लिहिलेली, खाली नंबर, आणि ज्याच्यासाठी केला त्या व्यापाऱ्याचे नाव. घडवणाऱ्याचे नाव एकाही साच्यावर नव्हते. मालकाला विचारले तर त्याने सहा-सात साच्यांकडे बोट करून, हा अमक्याने केला, तो तमक्याने, असे पटापट सांगितले. त्यातले तिघे आता हयात नाहीत. मी ती नावे वहीत उतरवून घेतली आणि साच्यांचे नंबर त्यांच्यासमोर लिहिले.